कापलेल्या नाण्याची साक्ष

दोन वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यास इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारा एक विद्यार्थी आला होता. याच वसतिगृहात त्याने पाचवी ते दहावीची वर्षे काढली. भोजनाच्या वेळी त्याने मला बाजूला बोलावून खिशातून कागदाची एक छोटी पुडी काढली आणि म्हणाला, "सर, हे तुमच्या इतिहासाच्या तासासाठी." पुडीत अंगठ्याच्या नखाएवढा, अर्धचंद्राच्या आकाराचा, काळवंडलेल्या चांदीचा एक तुकडा होता. सोबत विक्रेत्याची पावती होती आणि तो तुकडा कोणत्या परगण्यातील शेतात सापडला याची नोंद असलेले चिटोरे होते. इंग्लंडच्या भूमीत सापडलेली पुरावस्तू देशाबाहेर नेताना परवान्याचे नियम पाळावे लागतात. ते पाळूनच त्याने ती आणली होती.

सोमवारी नववीच्या वर्गात तो तुकडा हातोहात फिरला. पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती. "सर, हे तर तुटलेलं आहे!" दुसरा म्हणाला, "त्याला फसवलं बहुतेक." मधल्या सुट्टीत एक विद्यार्थिनी दात घासायची पावडर घेऊन आली. तिची आजी पैंजण त्यानेच उजळते म्हणून! तिला थांबवताना मला जे सांगावे लागले, त्यातूनच हा लेख सुचला. ते नाणे तुटलेले नव्हते. कोणीतरी ते हेतुपुरस्सर आणि अगदी सरळ रेषेत कापले होते. ते का कापले, कोणी कापले आणि आठशे वर्षांनंतर आपण ते का जपावे, या तीन प्रश्नांच्या आधारे मध्ययुगीन इंग्लंडच्या हातोडा-नाण्यांची आणि ती जमविण्याच्या छंदाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

हातोड्याचे नाणे

आज आपल्या हाती येणारी नाणी यंत्रातून बाहेर पडतात. त्यांचा आकार, कडा आणि वजन सारखे असते. इंग्लंडमध्ये नाणी पाडण्याचे काम १६६२ पर्यंत मुख्यतः हातानेच होत असे. पद्धत सोपी होती, पण सोपी म्हणून हलकी नव्हती. चांदी वितळवून, ठोकून तिचा पातळ पत्रा करीत आणि त्यातून ठरावीक वजनाच्या चकत्या काढीत. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का रोवलेला असे. त्यावर चकती ठेवायची, वरचा ठसा एका हाताने तिच्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताने हातोडा हाणायचा. एका घावात राजाचा मुखवटा एका बाजूला आणि क्रूस दुसऱ्या बाजूला उमटे. घाव तिरका बसला तर अर्धी अक्षरे उमटत नसत. हात हलला तर तीच अक्षरे दोनदा उमटत. घाव ज्या ठशावर पडे तो वरचा ठसा अर्थातच लवकर झिजे.

म्हणून कोणतीही दोन हातोडा-नाणी तंतोतंत सारखी नसतात. ज्यांनी आपल्याकडची शिवराई हाती घेतली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चकती लहान आणि ठसा मोठा असल्याने अक्षरे काठाबाहेर गेलेली असणे ही तिची खूणच आहे. संग्राहकाला अशा नाण्याचे आकर्षण वाटते ते याच कारणाने. यंत्राच्या नाण्यात यंत्र दिसते, हातोड्याच्या नाण्यात त्या दिवशीचा एक हात दिसतो.

एकच नाणे आणि त्याचे तुकडे

आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याच्या काळात इंग्लंडमध्ये चांदीच्या रुंद, पातळ पेनीचा पाया घातला गेला. त्यानंतर जवळजवळ पाच शतके पेनी हेच तेथील एकमेव नेहमीचे नाणे होते. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हा हिशेब होता खरा, पण शिलिंग आणि पौंड हे बराच काळ फक्त वहीत असत. हातात येई ती पेनीच. 'टॉवर पौंड' या सुमारे ३५० ग्रॅम वजनाच्या चांदीतून २४० पेनी पाडीत. पेनीचे वजन साधारण १.४ ग्रॅम भरे आणि चांदीचा कस हजारात ९२५ असे. एका पौंडाचे २४० पेन्स हा हिशेब इंग्लंडने थेट १९७१ पर्यंत चालविला.

आता सामान्य माणसाची अडचण पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्या मजुराची दिवसाची मजुरी दीड पेनीच्या आसपास होती. अशा माणसाला एक पाव घ्यायचा असेल तर अख्खी पेनी मोठी पडे. त्या काळातील पावाविषयीचा कायदाही मोठा बोलका आहे. त्यात पावाचा भाव स्थिर आणि वजन बदलते असे. धान्य महाग झाले की तेवढ्याच किमतीचा पाव लहान होई. पाव पेनीला मिळणारा पाव घ्यायला पाव पेनीचे नाणे मात्र टांकसाळीतून क्वचितच निघे. लोकांची वाट सरळ होती. नाण्याच्या पाठीवर क्रूस असे आणि त्याच्या रेषेवर नाणे कापले की दोन अर्ध्या पेनी होत. पुन्हा कापले की चार पाव होत. या पावालाच 'फार्दिंग' म्हणत, म्हणजे चौथा भाग. चांदी खरी असल्याने तुकड्यालाही तुकड्याएवढी किंमत होती. हे कापणे फसवणूक मानले जात नसे. तो रूढ व्यवहार होता आणि पुष्कळदा टांकसाळीतच तो होत असे.

आमच्या हाती आलेला तुकडा अशीच एक अर्धी पेनी आहे. प्रयोगशाळेतील काट्यावर तिचे वजन ०.६४ ग्रॅम भरले. अख्ख्या पेनीच्या निम्म्याहून थोडे कमी. उरलेले वजन हातांनी झिजवले. मुलांनी स्वतः वजन करून, गणित मांडून हे काढले, तेव्हा "फसवलं" म्हणणारा विद्यार्थी स्वतःहून म्हणाला, "सर, हे गरिबाचं नाणं आहे." मी त्याला एवढेच सांगितले की हे तुझे अनुमान आहे, पण अनुमानाची दिशा बरोबर आहे. राजाला आणि जमीनदाराला पेनी कापण्याची गरज क्वचितच पडली असेल.

नाण्यावरील नाव कोणाचे?

सुमारे ९७३ मध्ये एडगर राजाने सर्व देशात एकाच नमुन्याची पेनी सुरू केली आणि एक नियम पक्का केला. नाण्याच्या एका बाजूला राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला टांकसाळदाराचे आणि गावाचे नाव. हेतू जबाबदारीचा होता. नाणे हलके किंवा हिणकस निघाले तर कोणाला धरायचे, हे नाण्यावरच लिहिलेले असे.

ही जबाबदारी किती जीवघेणी होती याचा पुरावा अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. पहिल्या हेन्रीच्या काळात चलन इतके बिघडले की बाजारात पौंडभर पेनी घेऊन गेलेल्या माणसाला बारा पेनींचाही माल मिळेना, असे बखरकार सांगतो. ११२४ च्या नाताळात सॅलिसबरीचा बिशप रॉजर याने देशभरच्या टांकसाळदारांना विंचेस्टरला बोलावून घेतले आणि त्यांचे उजवे हात तोडविले. शिक्षा एवढ्यावरही थांबली नाही. दोषी कोण आणि निर्दोष कोण याची शहानिशा झाल्याचे तो बखरकार सांगत नाही.

आमच्या अर्ध्या तुकड्यावर क्रूसाभोवती '…गेर ऑन लु…' एवढीच अक्षरे उरली आहेत. 'ऑन' म्हणजे 'येथे' आणि 'लु' म्हणजे 'लुंदे', अर्थात लंडन. नाणकशास्त्राच्या सूचीत लंडनच्या टांकसाळदारांची नावे पाहिली की तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'इल्गेर' हे नाव येथे चपखल बसते. मुलांना या शोधाचा फार आनंद झाला. "हातोडा मारणाऱ्याचं नाव सापडलं!" असा गलका झाला. तेव्हा त्यांना थोडे थांबवावे लागले. टांकसाळदार हा प्रतिष्ठित, बहुधा सधन नागरिक असे. तो ठसे मिळवी, चांदी घेई, मजूर लावी आणि कसाची जबाबदारी घेई. भट्टीपाशी घाम गाळणारा आणि दिवसभर हातोडा हाणणारा माणूस वेगळा होता. त्याचे नाव कोणत्याही नाण्यावर नाही. नाणे हे इतिहासाचे साधन आहे, पण कोणत्याही साधनाप्रमाणे तेही काही नावे सांगते आणि काही गाळते.

राजाच्या नावाचीही एक गंमत आहे. ११८० मध्ये दुसऱ्या हेन्रीने आखूड क्रूसाची पेनी सुरू केली. तिच्यावर 'हेन्रिकस रेक्स' म्हणजे 'राजा हेन्री' असे लिहिलेले असे. हेन्री ११८९ मध्ये वारला. पुढे रिचर्ड आला, मग जॉन आला, तरी नाण्यावर हेन्रीच राहिला! तिसरा हेन्री गादीवर आला तेव्हा नाव आपोआप पुन्हा खरे झाले आणि तोच नमुना १२४७ पर्यंत चालला. परिणामी सिंहहृदयी म्हणून गाजलेल्या रिचर्डच्या नावाची एकही इंग्लिश पेनी नाही. कोणती नाणी कोणाच्या काळातील हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. १८६५ मध्ये जॉन इव्हान्स यांनी ते बऱ्याच अंशी सोडविले. ते व्यवसायाने कागद कारखानदार होते. पुढे १९१५ मध्ये एल. ए. लॉरेन्स यांनी राजाच्या केसांच्या बटा, अक्षरांची वळणे आणि ठिपके मोजून या नाण्यांचे आठ वर्ग लावले. आजही संग्राहक मुख्यतः त्याच वर्गांच्या आधाराने नाणे ओळखतात. एखाद्या व्यासंगी छांदिष्टाची चिकाटी इतिहासलेखनाला किती उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कातरलेली चांदी आणि एका समाजावरील आळ

नाणे कापणे वेगळे आणि नाणे कातरणे वेगळे. कापलेली अर्धी पेनी अर्धी म्हणूनच चाले. कातरणारा मात्र पेनीच्या काठावरून बारीकशी चांदी काढून घेई आणि उरलेले नाणे पूर्ण म्हणून खपवी. शंभर नाण्यांची कातरण जमली की ती वितळवून चांदीचा गोळा होई. हातोड्याच्या नाण्याचा काठ मुळातच ओबडधोबड असल्याने चोरी सहज लक्षात येत नसे. म्हणून १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने क्रूसाचे चारही टोक काठापर्यंत नेले. टोके दिसत नसतील तर नाणे कातरलेले समजावे. तरीही तीस वर्षांत चलन पुन्हा हलके झाले.

येथे या इतिहासाचे सर्वात काळे पान येते. इंग्लंडमधील ज्यू समाज संख्येने अल्प होता आणि राजाच्या थेट ताब्यात, म्हणजे राजाच्या मर्जीवर, जगत होता. बहुतेक व्यवसायांची दारे बंद असल्याने त्यांच्यापैकी अनेक सावकारीकडे वळले होते. पहिल्या एडवर्डने १२७५ च्या कायद्याने तीही बंद केली. याच कायद्याने सात वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीने वस्त्रावर पिवळ्या कापडाची ठरावीक मापाची खूण लावलीच पाहिजे, असे फर्मावले. माणसाची ओळख त्याच्या अंगावर टांगण्याचा अर्थ काय असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

नोव्हेंबर १२७८ मध्ये नाणी कातरल्याच्या संशयावरून देशभरातील ज्यूंना एकाच वेळी अटक झाली. सहाशेंहून अधिक जण लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले गेले. पुढच्या वर्षी एकट्या लंडनमध्ये अडीचशेंहून अधिक ज्यूंना फाशी देण्यात आली आणि त्यांची मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा झाली. कातरणाऱ्यांमध्ये ज्यू असतील, तसे ख्रिस्तीही होते. अटक ख्रिस्ती लोकांनाही झाली. परंतु फासावर गेलेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या ज्यूंच्या तुलनेत फारच थोडी होती आणि बहुतेक जण दंड भरून सुटले. गुन्हा एकच, पण शिक्षा जन्मावरून ठरली. पुढे खुद्द राजाच्या आदेशातच नमूद झाले की ज्यूंना धमकावण्यासाठी लोक त्यांच्यावर क्षुल्लक कारणांवरून आरोप करीत आहेत. हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. १८ जुलै १२९० रोजी एडवर्डने साऱ्या ज्यू समाजालाच देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला आणि १ नोव्हेंबरची मुदत दिली. त्यानंतर साडेतीनशेंहून अधिक वर्षे इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहता आले नाही.

याच १२७९ मध्ये एडवर्डने नवी, सुबक पेनी काढली. त्याच सुमारास गोल अर्धी पेनी आणि गोल फार्दिंग नियमितपणे पडू लागली आणि नाणी कापण्याची गरज संपली. नव्या नाण्यावरून टांकसाळदाराचे नावही जवळजवळ सर्वत्र गेले. फक्त गावाचे नाव उरले, कारण कारभार आता मध्यवर्ती अधिकाऱ्यांच्या हाती आला होता. नाण्यांचा नमुना राखून ठेवून जाहीरपणे वजन व कस तपासण्याची तेथील प्रथा तेराव्या शतकापासूनची आहे आणि आजही दरवर्षी पाळली जाते. विक्रेत्यांच्या सूचीत एडवर्डच्या या पेनीचे वर्णन 'सुंदर, ठसठशीत, सहज उपलब्ध' असे असते आणि ते खरेही आहे. परंतु ते नाणे हाती घेणाऱ्याला १२७९ हे वर्ष आणखी कशाचे होते हे माहीत नसेल, तर त्याने नाण्याची एकच बाजू पाहिली असे म्हणावे लागेल.

पेनीचे वजन आणि मजुराचा दाम

१३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. काम करणारे हात कमी उरले, तेव्हा उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली. यावर १३५१ मध्ये कायदा झाला की मजुरांनी महामारीपूर्वीच्या, म्हणजे १३४६ च्या सुमाराच्या दरानेच काम करावे. गवत वाळविणाऱ्या मजुराला दिवसाला एक पेनी, त्याहून अधिक नाही. जास्त मागणाऱ्याला खोड्यात अडकविण्याची तरतूद होती.

आता त्याच वर्षी टांकसाळीत काय घडले ते पाहा. १३४६ मध्ये पेनीचे वजन २० ग्रेन, म्हणजे सुमारे १.३० ग्रॅम होते. १३५१ मध्ये ते १८ ग्रेन, म्हणजे १.१७ ग्रॅम करण्यात आले. यामागे चांदीच्या बाजारभावाची कारणे होती. मजुरांना लुटण्यासाठीच वजन उतरविले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु परिणाम कागदावर मांडता येतो. कायद्याने मजुराचा दाम जुन्या एका पेनीवर बांधला आणि ती पेनी चांदीने एक दशांश हलकी झाली. प्रत्यक्षात मजुरांचा तुटवडाच इतका होता की कायद्याला न जुमानता मजुरी वाढत राहिली. हा तोल लोकांनी आपल्या हिमतीवर साधला, राज्यकर्त्यांच्या कृपेने नव्हे.

१३५१ मध्येच चार पेनींचे 'ग्रोट' नावाचे मोठे नाणे सर्रास चालू झाले. हेच ग्रोट पुढे डोईपट्टीचे माप ठरले. १३७७ मध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून एक ग्रोट घेण्यात आला. १३८० मध्ये पंधरा वर्षांवरील प्रत्येकावर तीन ग्रोट, म्हणजे बारा पेन्स, लादण्यात आले. श्रीमंत आणि मजूर यांच्यासाठी आकारणीचा पाया तोच. १३८१ च्या उन्हाळ्यात एसेक्स आणि केंटचे शेतकरी-मजूर वॉट टायलरच्या नेतृत्वाखाली लंडनवर चालून गेले, त्याला हा कर निमित्त झाला. पुढे १४१२ मध्ये पेनी १५ ग्रेनवर आणि १४६४ मध्ये १२ ग्रेनवर आली. संग्राहक या तीन-चार पेनी एका ओळीत मांडतो तेव्हा तराजूशिवायही त्यांचे आकसत जाणे डोळ्यांना दिसते.

चलनाच्या प्रश्नात श्रमिकाचे हित कोठे असते, हा विचार आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झाला. त्याचा विषय अर्थातच आधुनिक रुपया आणि त्याचा विनिमय दर हा आहे, मध्ययुगीन पेनीशी त्याचा संबंध नाही. परंतु रुपयाची क्रयशक्ती घसरली की भाव आधी चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या खिशातून जातो, हा बाबासाहेबांनी दाखवून दिलेला हिशेब ज्याने समजून घेतला आहे, त्याला १३५१ ची पेनी हातात घेताच ती काय सांगते हे कळते. अर्थशास्त्राचे ते पान वाचण्याची दृष्टी त्यांनी आपल्याला दिली आहे.

संग्राहकाची शिस्त

आता छंदाविषयी थोडे. अशी नाणी म्हणजे राजेरजवाड्यांचा ऐवज, सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा, असा समज असतो. तो खरा नाही. आखूड क्रूसाची किंवा पहिल्या एडवर्डची झिजलेली पेनी इंग्लंडमध्ये एखाद्या नव्या जाडजूड पुस्तकाच्या किमतीत मिळू शकते आणि कापलेला तुकडा त्याहून स्वस्त पडतो. सोन्याची नाणी आणि अल्पकाळ राज्य केलेल्या राजांची नाणी मात्र महाग असतात. परदेशी असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला हा छंद लागलाच, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, नाणे घासू नये. ना चिंचेने, ना राखेने, ना दाताच्या पावडरीने. काळवंडलेला थर हे चांदीचे वय आहे. तो घासला की बारीक अक्षरेही जातात आणि नाण्याची किंमतही जाते. नाणे नेहमी काठाला धरावे.

दुसरी गोष्ट, पारख शिकावी. बनावट नाणी पुष्कळ आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे मऊ आणि गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर हवेचे बारीक खड्डे असतात आणि कधी काठावर जोडाची रेषा दिसते. हातोड्याखाली पडलेल्या नाण्यात धातू दाबून पसरल्याच्या खुणा असतात. दोन नाणी ओरखड्यासकट अगदी सारखी दिसली, तर दोन्हींकडे संशयाने पाहावे. वजन करावे, भिंगाने पाहावे, सूचीशी ताडून पाहावे आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट, नाण्याबरोबर त्याचा पत्ता जपावा. नाणे कोठे सापडले हे कळले तर ते साक्षीदार, नाही तर ती नुसती चांदी. १८०७ मध्ये लिंकनशायरमधील टील्बी येथे दुसऱ्या हेन्रीच्या काळातील पाच हजारांहून अधिक पेनी एकत्र सापडल्या. त्यांतील बहुसंख्य लंडनच्या टांकसाळीत वितळवून टाकण्यात आल्या. त्या साठ्यातून जे कळले असते ते आता कधीच कळणार नाही. आज तेथे १९९६ चा कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. संग्रहालयाने ती घेतल्यास मोबदला मिळतो. सुटे नाणे सापडले तर ते स्वेच्छेने नोंदविण्याची राष्ट्रीय व्यवस्था ब्रिटिश म्युझियममार्फत चालते आणि तिची नोंदवही संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्या हौशी माणसांनी नोंदविलेल्या अशा हजारो सुट्या नाण्यांनी एक जुना समज मोडला आहे. पैसा फक्त शहरात, दरबारात आणि व्यापाऱ्यांकडे होता असे पूर्वी मानले जाई. परंतु पेनी आणि तिचे कापलेले तुकडे खेड्यापाड्यांच्या शेतांत सर्वत्र सापडतात. खेड्यातला माणूसही बाजारात जात होता, पैसा हाताळत होता आणि कधी तो हरवतही होता.

चौथी गोष्ट, नोंद ठेवावी. वजन, व्यास, कोठून घेतले, किती दिले, अक्षरे कोणती दिसतात आणि कोणती दिसत नाहीत, हे सारे लिहावे. न दिसणारी अक्षरे दिसतात असे लिहिण्याचा मोह प्रत्येक संग्राहकाला होतो. जो तो आवरतो त्याची नोंदवही पुढच्या अभ्यासकाच्या कामी येते.

आपल्या विद्यालयाच्या इतिहासकक्षात ती अर्धी पेनी आता काचेच्या पेटीत ठेवली आहे. शेजारी एक वही आहे. दरवर्षी नववीचा प्रत्येक विद्यार्थी नाणे भिंगातून पाहतो, वजन करतो आणि वहीत दोनच गोष्टी लिहितो. 'मला काय दिसले' आणि 'मला काय वाटते'. दोन्ही एकत्र करायच्या नाहीत, एवढाच नियम आहे. गेल्या वर्षी ज्या मुलीने दाताची पावडर आणली होती तिनेच पहिल्या रकान्यात लिहिले, "क्रूसाच्या रेषेवर सरळ कापले आहे. उरलेला अर्धा भाग नाही." आणि दुसऱ्या रकान्यात, "उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेला असेल. त्याने त्याचे काय घेतले असेल?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूचीत मिळणार नाही. पण इतिहासाचा अभ्यास जेथून सुरू व्हावा असे मला तीस वर्षांच्या अध्यापनानंतर वाटते, ती जागा हीच आहे. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या मेळाव्यास येताना वेळ काढून इतिहासकक्षात यावे, ती पेटी उघडवून घ्यावी आणि वहीत आपल्याही दोन ओळी लिहून जाव्यात. भिंग आणि काटा तेथेच ठेवलेले आहेत.